ॲल्युमिनियम मिश्रधातूंचा संक्षारणरोध

ॲल्युमिनियम मिश्रधातूंचा संक्षारणरोध म्हणजे हवा, पाणी, क्षार, आम्ल इत्यादींच्या संपर्कात होणाऱ्या रासायनिक व विद्युत्‌रासायनिक झिजेला तोंड देण्याची या मिश्रधातूंची क्षमता होय. शुद्ध ॲल्युमिनियम सहसा गंजत नाही, परंतु ते मऊ व दुबळे असते. त्याला बळकटी आणण्यासाठी तांबे, जस्त, मॅग्नेशियम यांसारखी मूलद्रव्ये मिसळली जातात. यांपैकी काहींमुळे, विशेषतः तांब्यामुळे, त्याची संक्षारण सहन करण्याची शक्ती कमी होते. बळकटी आणि टिकाऊपणा यांतील हा विरोध दूर करण्यासाठी गेल्या शतकभरात मिश्रधातूंच्या घटनेत बदल, उष्णतासंस्करण, शुद्ध धातूचे आवरण, धनाग्रीकरण, रासायनिक रूपांतरण लेप, रंगलेप आणि योग्य अभिकल्प अशा अनेक पद्धती विकसित झाल्या आहेत. विमाने, जहाजे, रेल्वेचे डबे, इमारतींच्या खिडक्या आणि स्वयंपाकाची भांडी अशा विविध क्षेत्रांत या पद्धती वापरल्या जातात.

## पार्श्वभूमी

ॲल्युमिनियमची घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे २.७ ग्रॅम, म्हणजे पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश आहे. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे विद्युत् विच्छेदनाने ॲल्युमिनियम मिळविण्याची पद्धत शोधली. त्यानंतर हा धातू स्वस्त झाला. लंडनमधील पिकॅडिली सर्कस येथील ‘इरॉस’ या नावाने परिचित असलेला ॲल्युमिनियमचा पुतळा १८९३ मध्ये उभारण्यात आला. शहरी हवेत शतकाहून अधिक काळ राहूनही तो टिकून आहे. शुद्धतेच्या जवळ जाणारे ॲल्युमिनियम किती काळ टिकू शकते, याचे हे एक नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

१९०६ मध्ये जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना तांबे व थोडे मॅग्नेशियम असलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा एक वेगळा गुणधर्म आढळला. उच्च तापमानावरून झटकन थंड केलेला हा धातू काही दिवस नुसता ठेवला असता आपोआप कठीण होत जातो. ‘एज हार्डनिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या काल-कठिनीकरणातून ड्युरॅल्युमिन हा मिश्रधातू तयार झाला. त्यात सुमारे ४ टक्के तांबे असे. झेपेलिन हवाई जहाजे आणि धातूची सुरुवातीची विमाने यांच्या सांगाड्यांसाठी तो वापरला गेला. मात्र समुद्राजवळ वापरल्या जाणाऱ्या विमानांत त्याचे पातळ पत्रे ठिसूळ होऊ लागले. वरून धातू बराचसा शाबूत दिसत असला, तरी आतील कणांच्या सीमांवरून संक्षारण खोलवर गेलेले असे. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये हेन्री रॉडन यांनी या ठिसूळपणाचा पद्धतशीर अभ्यास केला. आधुनिक संरक्षण पद्धतींपैकी दोन महत्त्वाच्या पद्धती याच दशकात पुढे आल्या.

## नैसर्गिक संरक्षण

ॲल्युमिनियम हा रासायनिक दृष्ट्या अतिशय क्रियाशील धातू आहे. त्याचा प्रमाण विद्युदग्र विभव उणे १.६६ व्होल्ट असून लोखंडाचा उणे ०.४४ व्होल्ट आहे. केवळ या आकड्यांवरून पाहता ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा लवकर गंजायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण उघड्या पृष्ठभागाचा हवेशी संबंध येताच त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा सलग पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा धातूला घट्ट चिकटलेला असतो. ओरखडा पडल्यास तो लगेच पुन्हा निर्माण होतो. लोखंडाचा तांबूस गंज मात्र सच्छिद्र व सुटा असल्याने खालच्या धातूचे रक्षण करू शकत नाही.

ऑक्साइडचा पापुद्रा धातूला पूर्ण झाकतो की नाही, हे ऑक्साइडचे आकारमान आणि ते तयार होण्यासाठी खर्ची पडलेल्या धातूचे आकारमान यांच्या गुणोत्तरावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. १९२३ मध्ये मांडल्या गेलेल्या या निकषाला पिलिंग-बेडवर्थ गुणोत्तर म्हणतात. ॲल्युमिनियमसाठी ते सुमारे १.२८ आहे, म्हणून पापुद्रा अखंड राहतो. मॅग्नेशियमसाठी ते सुमारे ०.८१ असल्याने त्याचे ऑक्साइड धातूला पूर्णपणे झाकू शकत नाही.

ॲल्युमिनियमचे ऑक्साइड उभयधर्मी असते, म्हणजेच ते तीव्र आम्लात विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. साधारणपणे ४ ते ८.५ या पीएच मर्यादेत ते स्थिर राहते. ओल्या सिमेंटचा किंवा चुन्याचा गिलावा तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्याच्या संपर्कात आलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवर डाग पडतात. स्वयंपाकघरातील एक रूढ सवयही याच गुणधर्माशी संबंधित आहे. क्षारयुक्त पाणी उकळल्याने ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो. तो पडू नये म्हणून तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा थोडी चिंच टाकली जाते. त्यातील आम्लामुळे पाण्याचा अल्कधर्म कमी होतो.

## संक्षारणाचे प्रकार

छिद्रसंक्षारण : समुद्राच्या पाण्यातील आणि खाऱ्या हवेतील क्लोराइड आयन ऑक्साइडचा पापुद्रा दुबळ्या जागी भेदतात. तेथे विरघळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आयनांची पाण्याशी क्रिया होऊन आम्ल निर्माण होते. आम्लामुळे पापुद्रा पुन्हा तयार होऊ शकत नाही आणि छिद्र खोल होत जाते. एकूण नष्ट झालेला धातू थोडा असला, तरी पातळ पत्र्याला आरपार भोक पडू शकते.

कणसीमा व पापुद्री संक्षारण : काही मिश्रधातूंत कणांच्या सीमांवर वेगळ्या घटनेचे अवक्षेप साचतात. हे अवक्षेप आणि शेजारचा धातू यांच्यात सूक्ष्म विद्युत् घट तयार होतो आणि संक्षारण कणसीमांच्या मार्गाने आत शिरते. लाटून तयार केलेल्या पत्र्यात कण चपटे असल्याने धातूचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटू लागतात.

ताणजन्य संक्षारण भेग : सतत ताण आणि संक्षारक परिसर एकत्र आल्यास, एरवी सुरक्षित असलेल्या ताणाखालीही भेग वाढत जाते. जस्तयुक्त उच्चबल मिश्रधातूंत हा धोका विशेष असतो.

फटसंक्षारण : दोन पत्र्यांच्या जोडात किंवा रिव्हेटच्या डोक्याखाली अडकलेल्या ओलाव्यात ऑक्सिजन कमी पडतो. तेथील पापुद्रा दुबळा होतो आणि संक्षारण बाहेरून न दिसता चालू राहते.

गॅल्व्हानिक संक्षारण : ॲल्युमिनियम तांबे, पोलाद किंवा कार्बन तंतूंच्या संमिश्राला जोडलेले असून तेथे ओलावा असेल, तर ॲल्युमिनियम धनाग्र बनून झिजते.

## मिश्रधातूंच्या मालिका

घडीव ॲल्युमिनियम मिश्रधातू चार अंकी क्रमांकांनी ओळखले जातात. पहिल्या अंकावरून मुख्य घटक समजतो.

| मालिका | मुख्य घटक | उदाहरण | संक्षारणरोध |
|---|---|---|---|
| १००० | किमान ९९ टक्के ॲल्युमिनियम | ११०० | उत्तम |
| २००० | तांबे | २०२४ | कमी |
| ३००० | मँगनीज | ३००३ | उत्तम |
| ५००० | मॅग्नेशियम | ५०८३ | उत्तम, समुद्राच्या पाण्यातही |
| ६००० | मॅग्नेशियम व सिलिकॉन | ६०६१, ६०६३ | चांगला |
| ७००० | जस्त | ७०७५ | कमी ते मध्यम |

२०२४ या मिश्रधातूत सुमारे ४ टक्के तांबे असते. त्यातील ॲल्युमिनियम, तांबे आणि मॅग्नेशियम यांच्या सूक्ष्म संयुग कणांतून आधी मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम विरघळतात आणि तांबेबहुल अवशेष मागे राहतो. हा अवशेष ऋणाग्र म्हणून काम करतो आणि भोवतालचा धातू झिजवतो. सुटे झालेले थोडे तांबे पृष्ठभागावर पुन्हा साचून नवे ऋणाग्र निर्माण करते. त्यामुळे मिश्रधातूला बळ देणारा घटकच त्याच्या झिजेचे कारण ठरतो.

५००० मालिकेतील मिश्रधातू जहाजबांधणीत वापरले जातात. मात्र मॅग्नेशियमचे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांहून अधिक असल्यास आणि धातू दीर्घकाळ उष्ण राहिल्यास कणसीमांवर मॅग्नेशियमबहुल संयुग साचते. याला संवेदीकरण म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या टायकॉन्डेरोगा वर्गातील क्रूझर नौकांच्या ५४५६ मिश्रधातूच्या वरच्या बांधणीत यामुळे भेगा पडल्या आणि मोठ्या प्रमाणावर दुरुस्ती करावी लागली.

## संरक्षणाच्या पद्धती

### उष्णतासंस्करण व घटनेतील बदल

तांबेयुक्त मिश्रधातू उच्च तापमानावरून सावकाश थंड झाल्यास कणसीमांवर अवक्षेप जमतात. म्हणून तो पाण्यात अतिशय जलद थंड करणे आवश्यक असते. ७०७५ या मिश्रधातूला कमाल बळकटी देणाऱ्या टी६ अवस्थेत ताणजन्य भेगांचा धोका अधिक असतो. हा धोका कमी करण्यासाठी तो मुद्दाम अधिक काळ व अधिक तापमानावर ठेवला जातो. या टी७३ अवस्थेत बळकटी साधारण १० ते १५ टक्क्यांनी घटते, परंतु भेगांना होणारा विरोध खूप वाढतो. ही घट टाळण्यासाठी १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये बारूक सिना यांनी प्रत्यावर्तन व पुनर्कठिनीकरण ही पद्धत मांडली. तीत टी६ अवस्थेतील धातू थोडा वेळ उच्च तापमानावर ठेवून पुन्हा कठीण केला जातो.

लोह व सिलिकॉन या अशुद्धींचे प्रमाण कमी ठेवल्यानेही संक्षारण सुरू करणारे कण कमी होतात. ५००० मालिकेत थोडे मँगनीज व क्रोमियम मिसळून कणरचना नियंत्रित केली जाते.

### शुद्ध धातूचे आवरण

१९२७ मध्ये अमेरिकेतील अल्कोआ कंपनीचे एडगर डिक्स यांनी ‘अल्क्लॅड’ या पत्र्याची माहिती प्रसिद्ध केली. यात बळकट मिश्रधातूच्या दोन्ही बाजूंवर अतिशुद्ध ॲल्युमिनियमचा थर लाटून एकजीव केला जातो. प्रत्येक थर सामान्यतः एकूण जाडीच्या २.५ ते ५ टक्के असतो. या थराचे कार्य दुहेरी असते. तो गाभ्याला बाहेरील परिसरापासून दूर ठेवतो. शिवाय ओरखडा पडून गाभा उघडा झाला, तरी अधिक क्रियाशील असलेला शुद्ध थर स्वतः झिजून गाभ्याचे रक्षण करतो. पितळेच्या भांड्यांना केलेल्या कल्हईशी याची तुलना करता येते, परंतु फरक महत्त्वाचा आहे. कथील केवळ आडपडद्याचे काम करते, तर अल्क्लॅडचा थर आडपडदाही असतो आणि उत्सर्गी धनाग्रही.

### धनाग्रीकरण

धनाग्रीकरण अर्थात ॲनोडायझिंग या पद्धतीत ॲल्युमिनियमची वस्तू आम्लाच्या विद्रावात धनाग्र म्हणून टांगून तीतून विद्युत् प्रवाह सोडतात. त्यामुळे नैसर्गिक पापुद्र्यापेक्षा हजारो पट जाड ऑक्साइडचा थर तयार होतो. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगफ व स्ट्युअर्ट यांनी क्रोमिक आम्लाची पद्धत विकसित केली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिनचे भाग वाचवणे हा तिचा उद्देश होता. १९२७ मध्ये गोवर व ओब्रायन यांनी सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. आज ही पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्याने मिळणारा थर साधारणतः ५ ते २५ मायक्रोमीटर जाड असतो. शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेल्या आम्लात अधिक जाड व कठीण थर मिळतो. बाजारात ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ म्हणून विकली जाणारी काळपट कढई याच प्रकारे तयार होते.

या थरात उभ्या, अतिसूक्ष्म नळ्यांसारखी रंध्रे असतात. त्यांत रंगद्रव्य शोषून घेता येते. अखेरीस वस्तू उकळत्या पाण्याजवळच्या तापमानाच्या पाण्यात ठेवली जाते. ऑक्साइड पाणी शोषून फुगते आणि रंध्रे मिटतात. ही रंध्रबंदी नीट झाली नाही, तर जाड थर असूनही संरक्षण अपुरे राहते.

### रूपांतरण लेप व रंगलेप

क्रोमेट लेपात धातूवर क्रोमियमयुक्त पातळ थर तयार होतो. लेपाला ओरखडा पडल्यास त्यातील षट्‌संयुजी क्रोमियम ओलाव्यात थोडे विरघळून उघड्या जागी पोहोचते आणि तेथे नवा संरक्षक थर बनवते. या स्वयंदुरुस्तीमुळे क्रोमेट लेप आणि स्ट्रॉन्शियम क्रोमेट असलेले अस्तर रंग विमान उद्योगात अनेक दशके प्रमाण मानले गेले.

षट्‌संयुजी क्रोमियम मात्र मानवात कर्करोग घडवणारे सिद्ध झाले असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याच्या संयुगांचा पहिल्या गटात समावेश केला आहे. त्याचा धोका मुख्यतः मुलामा कारखान्यांतील आणि रंग फवारणारे वा घासून काढणारे कामगार यांना असतो. अमेरिकेत २००६ मध्ये कामाच्या जागेतील हवेसाठी दर घन मीटरला ५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवण्यात आली. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर विशेष परवानगीशिवाय करता येत नाही.

पर्याय म्हणून त्रिसंयुजी क्रोमियमचे लेप, झिर्कोनियम व टायटॅनियम यांच्या फ्लोरो संयुगांचे लेप, सेरियमचे क्षार आणि सोल-जेल पद्धतीचे लेप वापरात आले. धनाग्रीकरणात क्रोमिक आम्लाऐवजी टार्टारिक व सल्फ्युरिक किंवा बोरिक व सल्फ्युरिक आम्लांची मिश्रणे वापरली जातात. तांबेयुक्त मिश्रधातूंवर क्रोमेटइतकी भरवशाची स्वयंदुरुस्ती साधणे हे या क्षेत्रातील अवघड काम राहिले आहे.

### अभिकल्प व देखभाल

उत्तम लेपही चुकीच्या जोडणीमुळे निकामी होऊ शकतो. म्हणून पाणी साचणार नाही अशी रचना करणे, निचऱ्यासाठी छिद्रे ठेवणे, जोडांत सांधालेप भरणे आणि भिन्न धातूंमध्ये विद्युत्‌रोधक पट्टी घालणे हे नियम पाळले जातात. कार्बन तंतूंच्या संमिश्राशेजारी ॲल्युमिनियम वापरायचे असल्यास मध्ये काचतंतूंचा थर देतात किंवा तेथे टायटॅनियमचे भाग वापरतात. कोकण व गोव्यासारख्या किनारी भागांत खारी व दमट हवा असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना साध्या लोखंडी किंवा पितळी स्क्रूंऐवजी योग्य दर्जाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरणे आणि साचलेले मीठ गोड्या पाण्याने धुणे उपयुक्त ठरते. छोट्या स्टीलच्या स्क्रूभोवती मोठे ॲल्युमिनियम असल्यास झीज विस्तृत क्षेत्रावर विभागली जाते. याउलट, मोठ्या पोलादी भागात ॲल्युमिनियमचा छोटा रिव्हेट असेल, तर तो लवकर झिजतो.

## अलोहा एअरलाइन्स उड्डाण २४३

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील हिलो येथून होनोलुलूकडे निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे सुमारे साडेपाच मीटर लांबीचे छत २४,००० फूट उंचीवर उडून गेले. विमानात ९५ जण होते. एका हवाई परिचारिकेचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. वैमानिकांनी विमान माउई बेटावरील काहुलुई येथे उतरवले. एकोणीस वर्षे वापरातील या विमानाने ८९,६८० उड्डाणे केली होती. बेटांमधील छोट्या फेऱ्यांमुळे त्याच्या कवचावर हवेच्या दाबाचा ताण वारंवार येत होता आणि ते सतत खाऱ्या दमट हवेत वावरत होते.

तपासात असे आढळले, की पत्र्यांच्या जोडातील चिकटद्रव्याचा थर सुटला होता आणि तेथे ओलावा शिरून संक्षारण झाले होते. चिकटद्रव्याने पेलायचा भार रिव्हेटांवर आला आणि रिव्हेटांच्या छिद्रांपाशी थकव्याच्या अनेक सूक्ष्म भेगा पडल्या. शेवटी त्या एकमेकींना मिळाल्या. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने देखभाल व तपासणीतील त्रुटींवर बोट ठेवले. या अपघातानंतर जुन्या होत चाललेल्या विमानांच्या तपासणीचे नियम कडक करण्यात आले आणि संक्षारण प्रतिबंध व नियंत्रण हा त्यांच्या देखभालीचा स्वतंत्र, बंधनकारक भाग बनला.

## चाचण्या

सर्वाधिक परिचित चाचणीत ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या बंद कक्षात ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके नमुन्यांवर सोडतात. उत्पादनाचा दर्जा एकसारखा आहे की नाही, हे पाहण्यासाठी ती उपयोगी आहे. परंतु तिच्यातील तासांवरून प्रत्यक्षातील वर्षे ठरवता येत नाहीत, कारण बाहेर ओले व कोरडे होण्याचे चक्र, ऊन आणि प्रदूषण यांचाही परिणाम होतो. म्हणून विद्युत्‌रासायनिक संरोध मापन, ध्रुवीकरण चाचणी आणि प्रत्यक्ष किनाऱ्यावर नमुने ठेवून केलेली दीर्घकालीन निरीक्षणे यांचा आधार घेतला जातो.

भारतात तामिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत्‌रसायन संशोधन संस्था संक्षारणावर काम करते. सागरी परिसरातील चाचण्यांसाठी तिचे केंद्र मंडपम येथे आहे. नागपूर येथील जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास व अभिकल्प केंद्र ही ॲल्युमिनियम क्षेत्रासाठीची संशोधन संस्था आहे.

## इतर हलक्या धातूंशी तुलना

मॅग्नेशियम मिश्रधातू ॲल्युमिनियमपेक्षाही हलके असतात, परंतु लोह, निकेल व तांबे यांच्या अत्यल्प अशुद्धीनेही ते वेगाने झिजतात. १९४२ मध्ये हॅनावॉल्ट व सहकाऱ्यांनी या अशुद्धींच्या सहनमर्यादा दाखवून दिल्या. त्यावरून पुढे एझेड९१डी यांसारखे उच्च शुद्धतेचे मिश्रधातू तयार झाले. मॅग्नेशियमच्या याच दोषाचा उपयोगही केला जातो. पाणी तापवण्याच्या गिझरमधील मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून पोलादी टाकी वाचवतो, म्हणून तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. टायटॅनियम मिश्रधातूंचा संक्षारणरोध याउलट अतिशय उच्च असतो, मात्र त्यांची घनता व किंमत ॲल्युमिनियमपेक्षा अधिक आहे.

## हेही पहा

* ॲल्युमिनियम
* मिश्रधातू
* गंज
* विद्युत् विच्छेदन
* धातूंचा थकवा